पहिलं कोण म्हणलं?

शमीम गेल्याची बातमी मला ‘म्हणे’सकट मिळाली. लातूरला आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडत होते. समोरच्या टेबलावरचे इंग्रजीचे सर मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले, “मॅडम, नांदेडच्या तुमच्या त्या मैत्रीण... शमीम मॅडम... वारल्या म्हणे.” दुसरी कुणी असती तर मटकन खाली बसली असती. मी उलट उठून उभी राहिले आणि विचारलं, “कुणी सांगितलं?” “ग्रुपवर आलंय.” “ग्रुपवर कुणी टाकलं?” “पुढं पाठवलेलं आहे हो, मॅडम.” “कुणाचं पुढं पाठवलेलं?” सरांनी मोबाईल हळूच उलटा ठेवला आणि मला पाणी आणून दिलं. बाईला धक्का बसला असं त्यांना वाटलं. धक्का बसायला अजून अवकाश होता. तोवर मी फक्त शमीमनं लावलेली सवय पाळत होते... ऐकीव गोष्ट आली की ती ज्या दारातून आली तिथपर्यंत तिला परत न्यायचं. आणि शमीमविषयी काही ऐकलं तर शमीमलाच विचारायला हवं, म्हणून मी तिचाच नंबर लावला. बराच वेळ वाजला. मग तिच्या भावाचा, सलीमभाईंचा आवाज आला. “उज्ज्वला, सकाळी गेली ती. चहा पिता पिता. डॉक्टर म्हणतात, हार्ट. यायचं असेल तर लगेच निघ, दुपारच्या नमाजनंतर नेणार आहोत.”

लातूर-नांदेड हा रस्ता मला पाठ आहे. पण त्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरला अहमदपूरला चहा प्यायचाच होता, लोह्याच्या अलीकडं रस्ता उकरून ठेवलेला होता, आणि मी खिडकीशी बसून सगळ्या जगावर चिडत होते. पोचले तेव्हा गल्लीतली माणसं कब्रस्तानातून परत येत होती. आत सतरंजीवर बायका बसल्या होत्या, शमीमची अम्मा भिंतीला टेकून होती. सलीमभाईंची बायको नसरीनभाभी मला गळ्याशी धरून रडली आणि मग आतल्या खोलीत नेऊन रुमालात बांधलेलं काहीतरी तिनं माझ्या हातात ठेवलं. निळ्या काचेच्या बांगड्या. “आंघोळ घालताना साबण लावून काढल्या हातातून,” ती म्हणाली. “कुठून आणल्या, कवा घातल्या, आमाला काई पत्ता न्हाई. त्या तर कधीच घालत नव्हत्या. तू ठेव. घरात राहिल्या तर अम्मा बघून बघून रडंल.” मलाही पत्ता नव्हता. मी रुमाल तसाच पर्समध्ये टाकला.

तर मी तिला बघितलं नाही. हे एवढ्यासाठी सांगते, की त्यानंतर कितीतरी दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं तसंच फिरत राहिलं. शमीम गेली म्हणे. ह्या ‘म्हणे’च्या आडोशाला मी दिवस काढले. एका जागी बसवेना. पेपर तपासायला घ्यायचे आणि उठून स्वयंपाकघरातले डबे पुसायचे. आमचे हे म्हणायचे, अगं जरा पंख्याखाली बस, आणि मी पंखा पुसायला स्टूल आणायचे. अशात ह्या पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. मॅडमच्या योगदानावर लिहा म्हणाले. योगदान हा शब्द ऐकला की मला हारतुरे दिसतात. मी नाही म्हणाले, फोन ठेवला, आणि मग चिडून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, ह्यातलं निम्मं मी गच्चीवर फेऱ्या मारत मोबाईलमध्ये बोलून लिहिलंय.

आम्ही भेटलो त्या नांदेडच्या विद्यापीठात, पत्रकारिता आणि जनसंवाद विभागात, पीएच.डी.ची नोंदणी करताना. मी लातूरची, घरात शिकणारी पहिलीच मुलगी, कधी एकदा डिग्री मिळते आणि नोकरीला लागते ह्या घाईत. माझा विषय दूरचित्रवाणी मालिकांचा लातूर जिल्ह्यातल्या ग्रामीण स्त्रियांवरील प्रभाव, पुढे अपूर्णविराम देऊन एक चिकित्सक अभ्यास. त्या वर्षी सगळ्यांचेच विषय असे होते. जिल्हा बदलायचा, स्त्रियांच्या जागी युवक घालायचे, झालं. शमीमनं माझा आराखडा वाचला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “उज्जू, प्रभाव पडला हे तुला कळलं कसं? पडल्याचा आवाज आला का?” मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच डबा घेऊन आली. त्यानंतर ईदला मी त्यांच्याकडं आणि चौदा एप्रिलला ती आमच्याकडं, हे कधी चुकलं नाही. मिरवणुकीत आमच्या आईच्या शेजारून ती चालायची आणि आई सगळ्यांना सांगायची, ही माझी नांदेडची लेक.

तिचा स्वतःचा विषय होता ‘म्हणे’. होय, तो एवढासा शब्द. तिचं म्हणणं असं, की आपल्या भाषेत ऐकीव गोष्टीला एक छान शेपूट असतं. त्या गावात चोर आले म्हणे. सांगणारा ह्यात स्वतःहून कबूल करतो की मी बघितलेलं नाही, मला कुणीतरी सांगितलंय. मग ती गोष्ट पुढं जाते, आणि कुठंतरी, कुणाच्या तरी तोंडून ते शेपूट गळून पडतं. त्या गावात चोर आले. झाली बातमी. वर्तमानपत्रात ‘म्हणे’चं ‘असे समजते’ होतं, चॅनलवर नुसतं प्रश्नचिन्ह उरतं, आणि फोनवर पुढं पाठवताना तेही राहत नाही. हे गळतं कुठं, कुणाजवळ, आणि त्यानंतर माणसं वेगळी वागायला लागतात का, एवढंच तिला शोधायचं होतं. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, हा मराठी विभागाचा विषय झाला. मराठी विभाग म्हणाला, हा तुमच्या माध्यमांचा. त्या दोन विभागांच्या मधल्या व्हरांड्यात तिचं एक वर्ष गेलं. माझी डिग्री वेळेत झाली, नोकरी लागली, लग्नही झालं. शमीम नांदेडच्याच एका कॉलेजात शिकवता शिकवता अजून खेड्यापाड्यांतून ‘म्हणे’ वेचत फिरत होती.

हे वेड तिच्या अब्बांकडून आलेलं. जुन्या नांदेडात, गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या एका रस्त्यावर त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ दुरुस्तीला यायचे बंद झाले तरी माणसं यायची बंद झाली नाहीत, कारण तिथं बसून गप्पा मारता यायच्या. कुणी आत येऊन काही खबर सांगितली की अब्बा हातातलं काम न सोडता विचारायचे, “रेडिओवर ऐकलंस का रस्त्यावर?” रस्त्यावरचं चालत नसे असं नाही. पण कुठलं ते सांगावं लागायचं. अब्बा गेल्यावर दुकान गेलं, आणि त्यातला एक लाकडी पेटीचा रेडिओ शमीमच्या खोलीत आला. तो लागत नसे. त्यावर ती चार्जर ठेवायची.

किल्लारीची एक आठवण सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. भूकंपानंतर बऱ्याच वर्षांनी, नव्या वसवलेल्या गावात, आम्ही दोघी एका काकांकडं बसलो होतो. भूकंपात स्वतः ढिगाऱ्यातून बाहेर निघालेला माणूस. ते सांगत होते, आम्ही ऐकत होतो, माझे डोळे भरून आले होते. बोलता बोलता काका म्हणाले, “वरून बघितलं तर नुसता दगडांचा खच. घर कुठलं, गल्ली कुठली, काई ओळखू येईना.” शमीमनं हळूच विचारलं, “काका, तुम्ही वर कवा गेलता?” मी तिला चिमटा काढला. काका आधी हसले. मग म्हणाले, “न्हाई गं बाई. ते टीव्हीत दावलेलं हाय. मी तर खाली व्हतो. खाली नुसता अंधार व्हता.” आणि मग त्या अंधाराबद्दल ते बोलायला लागले, आणि ते आम्ही दोघींनी कुठंच लिहिलं नाही. परतीच्या जीपमध्ये मी तिच्यावर भडकले होते, जखमेवर असं बोट ठेवतात का म्हणून. ती म्हणाली, “त्यांचा अंधार त्यांना परत मिळाला ना पण.” माध्यमांच्या प्रभावावर मी नंतर पुष्कळ जाड पुस्तकं वाचली. त्या जीपमध्ये मला जे कळलं ते त्यांत सापडलं नाही.

मुलाखतीला जाताना ती हातात बांगड्या घालायची नाही. “मुलाखत बाईची आणि आवाज माझ्या मनगटाचा, असं होतं,” म्हणायची. अम्मा कुरकुरायची, मोकळ्या हातांची पोर म्हणून. मोकळेच राहिले ते, त्या निळ्या बांगड्या येईपर्यंत.

आता मुमताजबींबद्दल. हिमायतनगरच्या बाजूला एक गाव आहे, नाव लिहीत नाही. तिथं काही वर्षांपूर्वी एक आवई उठली, की चोरांची टोळी दिवसा येऊन घरांवर खुणा करून जाते आणि रात्री त्याच घरांवर धाड पडते. फोनवर एका भिंतीचा फोटो फिरत होता, दाराशेजारी पांढरा गोल आणि गोलात टिंब. मुमताजबी हिमायतनगरच्या, टोपलीत बांगड्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या. त्या गावात त्यांची सासूही बांगड्या भरायला जायची. त्या दिवशी त्या एका घराच्या भिंतीला हात टेकून श्वास घेत उभ्या राहिल्या, एवढंच झालं. त्यांना पोलीस येईपर्यंत ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसवून ठेवलं. ज्या बायकांच्या बाळंतपणात त्यांनी हिरवा चुडा भरला होता त्यांनीच टोपली पालथी करून बघितली, आत खडू आहे का म्हणून. पोलीस आले, चौकशी झाली, सोडून दिलं. कुणी मारलं नाही. कुणी माफीही मागितली नाही. शमीम त्यांना भेटायला गेली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला. “मला दुसरं काई नको. पहिलं कोण म्हणलं, तेवढं सांगा.” शमीम म्हणाली, शोधते आणि सांगते.

ह्या एका प्रश्नावर तिनं कितीतरी वर्षं घातली. पदोन्नती राहिली, दोन परिसंवाद सोडले, मी ओरडले ते वेगळंच. जुन्या दिनदर्शिकांच्या पाठीवर ती गावातली माणसं मांडायची, कुणी कुणाला सांगितलं त्याचे बाण काढायची. सगळे बाण मागं मागं जात एका रिकाम्या जागेशी थांबायचे, आणि त्या जागी तिनं तो फोटो चिकटवला होता, गोल आणि टिंब. मी विचारलं, हा फोटो कुठला? “बाहेरचाच असणार,” ती म्हणाली. “अफवेतला फोटो नेहमी बाहेरचाच असतो. दुसऱ्या राज्यातला, दुसऱ्या वर्षातला. तो आला कुठून हे कळलं की झालं.” हे आम्ही वर्गात मुलांनाही असंच शिकवतो आणि ते बहुतेक वेळा खरंही निघतं. तिनं ते चित्र विदर्भात शोधलं, तेलंगणात शोधलं, उत्तरेकडच्या संशोधकांना पाठवलं. त्या गावातल्या भिंती मात्र तिनं कधी बघितल्या नाहीत.

तिचा शेवटचा फोन ती जायच्या थोडे दिवस आधी आला. मी भाजी निवडत होते. “उज्जू, सापडलं,” ती म्हणाली. आवाज असा, की जणू काही हरवलंय. मी थट्टेवारी नेलं, “झालं का तुझं एकदाचं? आता तरी पेपर लिही.” ती म्हणाली, “पेपर राहू दे. लातूरला येते, समोर बसून सांगते. फोनवर सांगण्यासारखं न्हाई. त्याच्या आधी एका ठिकाणी जाऊन यायचंय मला.” कुठं, मी विचारलं. “आल्यावर सांगते,” म्हणाली... एवढंच. ती आली नाही. आणि काय सापडलं ह्या प्रश्नानं मला अक्षरशः पोखरलं. मैत्रीण गेल्याचं दुःख एका बाजूला, आणि तिला काय कळलं होतं ते मला कळत नाही ह्याचा संताप दुसऱ्या बाजूला, आणि ह्या दोन्हींत मोठं काय ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

तिच्या कॉलेजात शोकसभा झाली. पहिले वक्ते म्हणाले, शमीम मॅडमचं पुस्तक पूर्ण होत आलं होतं म्हणे. दुसरे म्हणाले, पुस्तक पूर्ण झालेलं आहे. अध्यक्षांनी जाहीर करून टाकलं की पुस्तक लवकरच प्रकाशित होईल आणि शेवटचं प्रकरण उज्ज्वला मॅडमांकडं सुरक्षित आहे. माझ्याकडं कसलं प्रकरण? सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. तीन खुर्च्यांच्या अंतरात, माझ्या डोळ्यांदेखत ‘म्हणे’ गळालं होतं, आणि तेही कुणाच्या सभेत. मला हसू यायला लागलं आणि ते रडण्यासारखं दिसलं असावं, कारण शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला.

मग तिची एक जुनी विद्यार्थिनी बोलायला उठली. तिला इथं वैशाली म्हणते, हे तिचं खरं नाव नाही. आता ती देगलूरकडं शिकवते. मॅडम किती काटेकोर होत्या हे सांगताना तिनं गंमत म्हणून सांगितलं, की एकदा वाचकांच्या पाहणीसाठी मॅडम आम्हाला गावोगाव घेऊन गेल्या होत्या, त्यात हिमायतनगरच्या बाजूच्या एका गावात आम्हाला सोडून त्या स्वतः पुढच्या गावाला गेल्या. कोण कुठला पेपर वाचतं, कोण काय बघतं, असं विचारायचं. सकाळच्या गटानं केलेली घरं दुपारच्या गटानं परत करू नयेत म्हणून मॅडमनी प्रत्येकाला खडूचा तुकडा दिला, झालेल्या घरावर खूण करा म्हणाल्या. “कुणी फुली करायचं, कुणी बरोबरची खूण. मी आपली टिकली काढायचे, गोल आणि मधे टिंब,” वैशाली म्हणाली. सभेत थोडं हसू पसरलं. “मागं फोनवर मॅडमना ही आठवण करून दिली, तर मॅडम हसल्याच नाहीत. गावाचं नाव विचारलं आणि फोन ठेवला.”

मी उठून बाहेर आले. कॉलेजच्या आवारात कडुलिंबाखाली स्कूटर लावलेल्या होत्या, त्यांच्यामधून मी नुसती येरझारा घालत राहिले. तर हे सापडलं होतं. खुणा चोरांनी केल्या नव्हत्या, मुमताजबींनीही नाही. आम्ही केल्या होत्या. म्हणजे शमीमनं, तिच्या मुलांनी, आमच्या ह्या शास्त्रानं. लोकांवर माध्यमांचा परिणाम कसा होतो ते मोजायला गेलेली माणसं भिंतीवर खूण ठेवून निघून आली, मग कुणाला तरी ती दिसली, कुणी तरी फोटो काढला, आणि फोटो बाहेरचाच असतो अशा पक्क्या खात्रीनं शमीम तो सगळीकडं शोधत बसली. तिला हे कळलं तेव्हा ती एकटी होती. फोनवर मी भाजी निवडत तिची थट्टा करत होते. तिचं हृदय त्यामुळं थांबलं असं मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं लिहिलं तर ती मला सोडायची नाही. पण असं वाटून मी कितीदा तरी दचकून उठले, हे खरं आहे.

पुढचे दिवस वाईट गेले. शमीमचं नाव सगळीकडं आदरानं घेतलं जात होतं, सलीमभाई फोन करून सांगायचे, बघ, किती लोक येऊन गेले. त्यांना मी काय सांगणार होते? गप्प राहिलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. वैशालीच्यासुद्धा ध्यानात आलेलं नव्हतं. नंतर तिला मी भेटून सांगितलं, ती खूप रडली, आणि हे सगळं छापायला तीच हो म्हणाली. पण तिकडं हिमायतनगरला एक बाई अजून विचारत असेल, पहिलं कोण म्हणलं. शमीमनं तिला शब्द दिला होता. ती ‘एका ठिकाणी’ जाऊन आली की नाही, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं. घरातल्यांना ठाऊक नव्हतं, ती कुणाला सांगून जायची नाही. जर गेली नसेल, तर तिच्या वतीनं ते सांगायचं मलाच होतं... आणि मला त्याची भीती वाटत होती, साधीसुधी भीती.

शेवटी गेले. नांदेडहून हिमायतनगरच्या गाडीत मी वाक्य जुळवत होते आणि ते वाक्य दर थांब्याला मोडत होतं. मुमताजबी आता फिरतीवर जात नाहीत. घराच्या पुढच्या खोलीतच काचेची कपाटं लावून बसतात. त्यांनी मला पूर्वी कधी बघितलेलं नव्हतं. मी शमीमची मैत्रीण म्हटल्यावर बसायला पाट दिला. बोलायला सुरुवात करायच्या आधी मी पर्समधून पाण्याची बाटली काढायला गेले, तर बाटलीबरोबर तो रुमाल बाहेर आला आणि आत काच वाजली. त्या बाईंचे कान त्या आवाजाला सरावलेले. रुमाल त्यांनीच उलगडला. “ह्ये माझ्याकडलंच हाय,” म्हणाल्या. “मीच भरलेल्या तिला.”

“ती आली होती इथं?”

“आलती की. तू बसलीस तिथंच बसली. म्हणली, मावशी, पहिलं कोण म्हणलं ते अजून न्हाई सापडलं, पर पहिली खूण कुणी केली ते सापडलं. खडू माझा व्हता.” मुमताजबी बांगड्या एकेक करून मांडीवर ठेवत होत्या. “मी म्हणलं, ऊठ माझ्या घरातून. उठली न्हाई. रडली बी न्हाई. गिऱ्हाईक आलं, गेलं, ही आपली बसूनच. मग मला तिचं मनगट दिसलं. मोकळं. म्हणलं, दे हिकडं हात. राग गेला म्हणून न्हाई, बरं का. राग हाय अजून. पर मोकळा हात मला बघवत न्हाई.”

मला रडू फुटलं. सुटकेचं होतं ते, लाजायचं काय त्यात. ती सांगून गेली होती. मी जुळवलेलं वाक्य मला बोलावं लागणार नव्हतं.

मुमताजबी आपल्याच नादात पुढं बोलत होत्या. “परत येते म्हणली. त्या गावात जाऊ, पारावर सगळ्यांच्या म्होरं सांगते म्हणली, खडू माझा व्हता म्हणून. तू बी चल म्हणली. तवापासनं मी इचार करून राहिले, जावं का न्हाई. जावंच म्हणते आता. कवा येणार हाय ती? तुला काई बोलली का?”

ह्यांना कळलेलंच नव्हतं. ह्यांच्याकडं साधा बटणांचा फोन, ग्रुप नाही, पेपर नाही. त्या प्रकरणानंतर त्यांनी तसलं काही घरात येऊ दिलेलं नाही. इतक्या दिवसांत मी ते वाक्य कुणालाच बोलले नव्हते, कारण मला सगळ्यांनी सांगितलं होतं आणि मी फक्त मान हलवली होती. आता समोर बसलेल्या ह्या बाईला सांगायला दुसरं कुणी नव्हतं. “मावशी, शमीम गेली,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि ज्या बाईचं घर एका ऐकीव गोष्टीनं हललं होतं तिनं विचारावं तेच त्यांनी विचारलं. “कोण म्हणलं?”

सलीमभाई म्हणाले, भाभी म्हणाली, ग्रुपवर आलं, मी स्वतः बघितलेलं नाही... हे सगळं ओठांवर आलं होतं. “मी सांगते आहे तुम्हाला,” मी म्हणाले.

त्यांनी रुमाल घडी करून बाजूला ठेवला. मग हाताला तेल लावलं, माझा हात ओढून घेतला आणि शमीमच्या बांगड्या माझ्या हातात चढवल्या. माझं मनगट तिच्यापेक्षा जाड, एक तडकलीच. मग कपाटांना कडी घालून म्हणाल्या, “चल. त्या गावाची जीप आता निघंल.” मी म्हणाले, आज? “मग कवा? ती यायची वाट बघू का आता?”

पारावर पंधरावीस माणसं जमली असतील. मी शमीमच्या वतीनं बोलले. पाहणी कसली होती, खडू कुणाचा होता, खूण कशासाठी होती, आणि ह्या बाईंचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. एक जण म्हणाला, जाऊ द्या मॅडम, आता जुनं झालं ते. मुमताजबी म्हणाल्या, “मला न्हाई झालं जुनं.” निघताना एक म्हातारी बाई आली आणि चुडा भरायचाय म्हणाली. मुमताजबींनी तिला नाही म्हणून सांगितलं. दुकानावर ये म्हणाल्या, पाहिजे तर.

ते सगळं मी टेप केलंय, शमीमच्याच रेकॉर्डरवर. तो तिच्या खोलीत अब्बांच्या रेडिओवर ठेवलेला होता, सलीमभाईंनी मला आधीच दिला होता. हे सगळं मी परत आल्यावर त्यांना त्या खोलीत बसून सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाले, “लिही. अब्बा असते तर हेच म्हणाले असते.” पुस्तकाचं शेवटचं प्रकरण माझ्याकडं सुरक्षित आहे असं म्हणणाऱ्यांना आता सांगायला हरकत नाही, आहे. रेकॉर्डिंग मी परत परत ऐकते. माझ्या प्रत्येक वाक्यावर बांगड्या वाजतात. शमीमनं ते फेकून दिलं असतं, पुन्हा घे म्हणाली असती. मी पुन्हा घेणार नाही आणि बांगड्याही काढणार नाही. हे लिहितानासुद्धा त्या टेबलाच्या कडेला लागून वाजतायत. शमीम गेली. हे मी म्हणते.